पंचरंगी सामन्यांतून एक संघ

क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने केव्हातरी गतकाळातील अकरा थोर खेळाडू निवडून मनातल्या मनात एक संघ उभा केलेला असतो. हा निरुपद्रवी छंद आम्हालाही आहे. आज आम्ही असाच एक संघ वाचकांपुढे ठेवीत आहोत. अट एकच : त्यातील प्रत्येक जण मुंबईच्या त्या जुन्या सामन्यांत खेळलेला असावा, जिथे माणसाचा संघ त्याच्या धर्मावरून ठरत असे.

१८९२ पासून मुंबई इलाख्यात युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने रंगू लागले. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान आले तेव्हा चौरंगी. १९३७ मध्ये पाचवा संघ दाखल झाला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि आधीच्या चार संघांत ज्यांना जागा नव्हती असे इतर या संघात होते. त्याचे नावच मुळी ‘इतर’ असे होते.

साहजिकच आमचे मन प्रथम या ‘इतरां’कडे धावले. सांगलीत जन्मलेले विजय हजारे हे ख्रिस्ती; म्हणून ते या संघातून खेळत. १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदू संघाविरुद्ध अंतिम सामना झाला. हिंदूंनी विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘इतर’ १३३ धावांत गारद झाले आणि फॉलोऑनची नामुष्की आली. दुसऱ्या डावात संघाच्या एकूण ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! बंधू विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेक यांच्या धावा २१ होत्या. सामना एक डाव ६१ धावांनी गेला, तरी ती खेळी अमर झाली. तेव्हा मनात आले, आपल्याच माणसांचे अकरा निवडावेत. यादी करायला बसलो आणि आमची आम्हालाच लाज वाटली. ज्या चाळणीने आपल्याला ‘इतर’ ठरवले, तीच चाळणी आता आम्ही हाती घेतली होती.

म्हणून धर्माचा रकाना खोडून नव्याने यादी केली. सलामीला विजय मर्चंट आणि मुश्ताक अली. मुंबईत एक हिंदूंकडून, दुसरा मुसलमानांकडून. परंतु १९३६ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत याच जोडीने २०३ धावांची सलामी दिली आणि दोघांनीही शतके ठोकली. तिसरे हजारे. चौथे सी. के. नायडू, ज्यांनी १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर एम.सी.सी.विरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा कुटल्या. पाचवे पारशी संघाचे रुसी मोदी. १९४४-४५ च्या रणजी हंगामात हजार धावांचा टप्पा प्रथम गाठणारे तेच. सहावे युरोपियन संघाचे कॅप्टन जॉन ग्रेग. सातवे विनू मंकड, आठवे यष्टिरक्षक जनार्दन नवले. वेगवान माऱ्यासाठी अमरसिंग आणि महंमद निस्सार. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्याच कसोटीत याच जोडगोळीने इंग्लंडला हादरवले होते.

अकरावे आणि आमचे कर्णधार : पालवणकर बाळू.

चर्मकार समाजातील हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखीत असे. ग्रेग यांना तो तासन्‌तास चेंडू टाकी. त्यांना बाद केले की दर वेळी आठ आणे मिळत, असे सांगतात. पण सरावात फलंदाजी करण्याची संधी त्याला कधी मिळाली नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले. मैदानावर सारे त्याच चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र बाळूला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्याचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि त्या वर्षीचे चौरंगी सामने हिंदूंनी जिंकले.

ग्रेग यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लष्करी सेवा आणि क्रिकेट दोन्ही मागे ठेवून, वयाची साठी उलटल्यावर, १९३५ मध्ये त्यांनी कॅथोलिक धर्मगुरू म्हणून गुरुदीक्षा घेतली. पुण्यातील त्या सकाळी त्यांना कधी आठवल्या असतील काय? आम्हीही धर्मगुरूच, म्हणून हा प्रश्न त्यांच्याकडून आमच्याकडे वळतो. आमच्या संघात मात्र ग्रेग बाळूच्या नेतृत्वाखाली खेळतील, आणि चहा सारे जण एकाच किटलीतून, एकसारख्या कपांतून घेतील.

१९४० च्या डिसेंबरात महात्मा गांधींनी खेळातील या जातीय विभागणीबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली. १९४६ नंतर पंचरंगी सामने कायमचे थांबले. पण चाळणी थांबली काय? आपल्या धर्मग्रामात संघ निवडताना, गायनमंडळ बसवताना, समित्या नेमताना मुलगा कोणत्या आळीचा, कोणत्या जमातीचा, हे पाहणारा डोळा अजून मिटलेला नाही.

शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडायला गेला, तेव्हा सात धडधाकट पुत्र त्याच्यापुढून गेले. आठवा घरातच नव्हता. तो रानात मेंढरे राखीत होता. त्याला बोलावणे धाडावे लागले, आणि तो येईपर्यंत कोणी जेवायला बसले नाही. पुण्याच्या मैदानावर रूळ फिरवणारा बाळूही असाच रानातला होता. पुढच्या खेपेस आपल्या मैदानावर संघ निवडताना कुंपणाशी उभे राहून इतरांचे चेंडू आणून देणाऱ्या मुलाकडे आपण एकदा वळून पाहू या, आणि त्याच्या हाती बॅटही देऊ या.