ध्वनिसंस्काराची मर्यादा : प्रक्षेपकापासून आंतरजालापर्यंत

नभोवाणीच्या इतिहासात कलावंतांची व संस्थांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु ध्वनिक्षेपक आणि श्रोता यांच्यामध्ये जे यंत्र मूकपणे बसलेले असते, त्याचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः आपण जे ऐकतो त्याचे स्वरूप पुष्कळ अंशी तेच ठरवीत असते.

ह्या यंत्राचा जन्म कलेच्या गरजेतून नव्हे, तर प्रक्षेपकाच्या मर्यादेतून झाला. ए.एम. पद्धतीत आवाज ठरीव पातळीपलीकडे गेला की वाहकलहर क्षणभर तुटते आणि शेजारच्या केंद्राच्या प्रक्षेपणात व्यत्यय येतो. एफ.एम.मध्येही विचलन ७५ किलोहर्ट्‌झपेक्षा अधिक होऊ देत नाहीत. म्हणून शिखरे आवरणारा मर्यादक अपरिहार्य ठरला. त्याच्या जोडीला आलेले स्वयंचलित पातळीनियंत्रण मात्र दुधारी होते. गायक थांबला की यंत्र पातळी वाढवू लागते आणि मागचा तंबोरा अकारण पुढे येतो. आलापीच्या गायनावर याहून मोठा अन्याय कोणता? १९६० च्या सुमारास सी.बी.एस. प्रयोगशाळेने प्रचारात आणलेल्या ऑडिमॅक्स यंत्रात अशा विरामकाळी पातळी स्थिर राखण्याची योजना होती, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

१९७५ साली रॉबर्ट ओर्बन यांनी ऑप्टिमॉड ८००० हे यंत्र आणले. संकोचक, मर्यादक व स्टीरिओ-जनित्र ही तोवर स्वतंत्र असलेली अंगे त्यांनी एकत्र गुंफली. एफ.एम.मध्ये प्रक्षेपणापूर्वी तारस्वर उचलून धरतात (अमेरिकेत ७५, भारतात व युरोपात ५० मायक्रोसेकंद). त्यामुळे नेमकी हीच बाजू मर्यादेवर आधी आदळते. ती आवरण्याचे कौशल्य ह्या यंत्रात होते. पुढे त्याच कौशल्याच्या बळावर केंद्राकेंद्रांत मोठ्या आवाजाची चढाओढ लागली, हा इतिहासाचा उपरोध होय.

७ नोव्हेंबर १९९४ रोजी चॅपेल हिल येथील डब्ल्यू.एक्स.वाय.सी. ह्या विद्यार्थी-केंद्राने आपला कार्यक्रम आंतरजालावरून ऐकविण्यास प्रारंभ केला. १९९५ मध्ये रिअलऑडिओ आले. येथे वाहकलहर नाही, विचलन नाही, तारस्वर उचलण्याचेही कारण नाही. तरीसुद्धा अनेक केंद्रांनी एफ.एम.साठी संस्कारिलेला ध्वनीच जसाच्या तसा पुढे पाठविला. तो दोष केवळ आळसाचा म्हणता येणार नाही. दुसरे यंत्र घेण्याचा खर्चही होता. परिणाम मात्र वाईट झाला. एम.पी.३ सारखी संकेतनपद्धती कानाला न जाणवणारा भाग गाळून मोजक्या बिटांत ध्वनी बसविते. शिखरे छाटल्याने जे नवे विकृतस्वर उपजतात, त्यांवरही तिला तेच मोजके बिट खर्चावे लागतात, आणि मूळ संगीत अधिकच विरते. शिवाय उलगडलेल्या ध्वनीची शिखरे मूळच्याहून उंच जाऊ शकतात. तेव्हा मर्यादक अगदी काठावर ठेवणे म्हणजे नवी विकृती ओढवून घेणे होय.

२००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बी.एस. १७७० ह्या शिफारशीने शिखराऐवजी श्रवणातील मोठेपणा मोजण्याची रीत घालून दिली. २०१० मध्ये युरोपीय प्रक्षेपण संघाने उणे २३ एल.यू.एफ.एस. ही पातळी सुचविली. लहान साधनांवर ती फार मंद ठरते; म्हणून २०१५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने आंतरजालीय प्रवाहासाठी उणे २० ते उणे १६ हा पट्टा आणि उणे १ डेसिबलचे कमाल शिखर सांगितले.