नवरा-बायको मिळून नर्मदा परिक्रमेला निघतात, तेव्हा वाटेवरचा संसार कसा चालतो?

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा आहे. डोंगरांच्या कुशीतला तलाव, एमटीडीसीचं पर्यटक निवास आणि आजूबाजूला नागझिऱ्याच्या बाजूचं दाट रान. अशा ठिकाणी गेलं की वाटतं, पाठीवर बॅग टाकावी आणि दोघांनी आठवडाभर नुसतं चालत सुटावं. पण ते इथे जमणार नाही. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पर्यटकांना ठरलेल्या गेटमधून, गाडीत बसून, गाइडसोबत जायचं आणि वेळेत बाहेर पडायचं असा नियम. वाघाच्या घरात पायी मुक्कामाला परवानगी नाही आणि नसावीच.

मग महिनोन् महिने चालायचं असेल तर कुठे? अमेरिकेतली अ‍ॅपलाशियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे. तिच्यावरून चालणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ आपल्याकडेही आवडीने बघितले जातात. पण जवळपास तेवढीच लांब वाट गोंदियाच्या शेजारी मध्य प्रदेशातून जाते. तिला कोणी ट्रेल म्हणत नाही, एवढाच फरक. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे रेल्वेने जबलपूरला उतरलं की ग्वारीघाट येतो. तिथून नर्मदा परिक्रमा सुरू करता येते.

आधी नियम

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. अमरकंटकला उगम, भरूचच्या पुढे समुद्र. दोन्ही काठ धरले तर २,६०० किलोमीटरच्या वर जातात. त्यात धरणांमुळे पडणारे वळसे मिळवले की प्रत्यक्षातली चाल ३,००० च्या पुढे सरकते.

नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही, हा मुख्य नियम. उपनद्या ओलांडल्या तर चालतात. बरेच लोक ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघतात, गुजरातमध्ये समुद्राच्या तोंडाशी नावेतून पलीकडे मिठी तलाईला उतरतात आणि उत्तर तटाने अमरकंटककडे वळतात. तिथे माई की बगियाला उगमाच्या मागून वळसा घातला की पुन्हा दक्षिण तट. जिथून सुरुवात केली तिथेच शेवट.

परंपरेने परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची आहे. पावसाळ्यात चातुर्मास म्हणून एका जागी थांबायचं. आजचे बहुतेक लोक कार्तिकात निघतात आणि चार ते सहा महिन्यांत पूर्ण करतात.

नदी ओलांडायची नाही, हा नियम कागदावर साधा वाटतो. पण त्याचा अर्थ असा, की समोरच्या काठावर पाच मिनिटांवर दवाखाना दिसत असला तरी परिक्रमा टिकवून तिथे जाता येत नाही. जोडप्याचे बरेचसे निर्णय इथूनच अवघड व्हायला लागतात.

दिवस कसा जातो?

पहाटे साडेचार-पाचला जाग. बाईमाणसासाठी ही वेळ सोयीचीही असते, कारण उघड्या घाटावर आंघोळ आणि प्रातर्विधी अंधारातच उरकावे लागतात. नदीत साबण लावायचा नाही. परिक्रमावासी नर्मदेचं पाणी एका बाटलीत सोबत वागवतात. सकाळ-संध्याकाळ तिचीच पूजा होते. ती झाली की चालायला सुरुवात.

उन्हं चढायच्या आत दहा-बारा किलोमीटर, दुपारी कुठेतरी जेवण आणि आडवं होणं, मग संध्याकाळपर्यंत उरलेली चाल. रोजची सरासरी २० ते २५ किलोमीटर. वाटेत सकाळच्या चहा-नाश्त्याला 'बालभोग' म्हणतात. कुठे तयार जेवण मिळतं, कुठे 'सदावर्त', म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ. तो मिळाला की तीन दगडांची चूल मांडायची.

आणि इथे घरची सवय उघडी पडते. दोघंही सारखंच चालून आलेले, दोघांचेही पाय सुजलेले, पण शिधा हातात पडला की पीठ मळायला बायकोच बसते. जी जोडपी आधीच कामं वाटून घेतात, म्हणजे एकाने सरपण आणि पाणी बघायचं, दुसऱ्याने स्वयंपाक, आणि हे आलटून पालटून, त्यांचा प्रवास पुष्कळ हलका होतो.

मुक्काम आश्रमात, धर्मशाळेत, देवळाच्या ओसरीत, शाळेच्या वऱ्हांड्यात नाहीतर एखाद्या शेतकऱ्याच्या पडवीत. दारात गेलं की पहिला प्रश्न, "कितनी मूर्ती?" या वाटेवर माणसं 'मूर्ती' म्हणून मोजतात. नवऱ्याला 'बाबाजी', बायकोला 'माताराम' किंवा 'मैया'. बिछाना टाकण्याला 'आसन लावणं' म्हणतात. मग आरती, नर्मदाष्टक, जेवण आणि साडेआठ-नऊला झोप.

एकत्र, पण वेगळे

परिक्रमेत ब्रह्मचर्य पाळायचं असतं, नवरा-बायकोनेही. अनेक आश्रमांत बायकांची झोपायची सोय वेगळी असते. म्हणजे दिवसभर चोवीस पावलांच्या अंतरावर चालणारी दोन माणसं रात्री वेगवेगळ्या खोल्यांत. खाजगी बोलायचं असेल तर चालतानाच. पण चालताना दोघांचा वेग जुळत नाही, ही दुसरी गंमत.

यावरचा उपाय जुनाच आहे: हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं. वेगवान माणूस पुढे गेला की तो मधूनमधून थांबून वाट बघतो, मागचा पोचला की लगेच उठतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. आठवडाभर असं झालं की भांडण ठरलेलं, आणि ते बहुतेकदा वेगावरून न होता भलत्याच कुठल्यातरी गोष्टीवरून होतं.

पाळीच्या दिवसांचा प्रश्नही येतो. काही जोडपी ते दिवस एका जागी थांबतात, काहीजणी चालणं सुरू ठेवतात आणि फक्त पूजेत बसत नाहीत. आश्रमागणिक नियम बदलतात, त्यामुळे काय करायचं हे निघण्याआधी दोघांनी बोलून ठेवलेलं बरं.

ओझं किती?

पाठीवर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नये, असं पायी फिरणारे सांगतात. ६० किलोच्या माणसाला १२ किलो ही वरची मर्यादा झाली. रोज चालायचं तर सहा-सात किलोंत भागवलेलं चांगलं. दोन जोड कपडे, कांबळं, अंथरायला काहीतरी, काठी, ताट-वाटी, एक पातेलं, बॅटरी, औषधं, ओळखपत्राच्या प्रती. जोडप्याचा फायदा इथे दिसतो. पातेलं, चार्जर, औषधांची पिशवी दोघांत एकच पुरते. पण औषधं आणि थोडे पैसे दोघांकडे वेगवेगळे हवेत. चुकामूक झाली तर एकाच्या पिशवीत सगळं आणि दुसऱ्याच्या हाती नुसती काठी, असं व्हायला नको.

पैसे न बाळगण्याची परंपरा आहे. आज बहुतेक जण थोडे ठेवतात, मोबाइलही ठेवतात. ते पाळायचं की नाही, यावर घरी एकमत झालेलं असावं. एकाला मागून खायचं आहे आणि दुसऱ्याला हॉटेल दिसतंय, ही स्थिती रोज दोनदा येते.

वाटेची धास्ती

जुने परिक्रमावासी सर्वात जास्त घाबरायचे ते शूलपाणीच्या झाडीला. नर्मदेचा ५४ किलोमीटरचा काठ महाराष्ट्राच्या वाट्याला आला आहे, तो नंदुरबार जिल्ह्यात, याच डोंगरांत. इथले भिल्ल, म्हणजे परिक्रमेच्या भाषेत 'मामा', अंगावरच्या कपड्यांसकट सगळं काढून घेत, असं जुनी वर्णनं सांगतात. आज त्याच पट्ट्यातल्या गावांत परिक्रमावासीयांना चहा आणि जेवण मिळतं. बदलली ती वाट. सरदार सरोवराचं पाणी चढल्यावर काठाची पायवाट बुडाली, गावंही बुडाली, आणि चालणाऱ्यांना धडगावच्या डोंगरातून जावं लागतं. चढ-उतारांची ही चाल गुडघ्यांना सर्वात जड जाते. बरगी, इंदिरा सागर या धरणांच्या काठीही असेच लांब वळसे आहेत.

जोडीने चाललेली माणसं

जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड १९७७ मध्ये पहिल्यांदा निघाले, तेव्हा पन्नाशीला आले होते. पुढे २००२ मध्ये, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते पुन्हा निघाले आणि या वेळी पत्नी कांताबाई सोबत होत्या. काँग्रेसचे दिग्विजय सिंह आणि त्यांच्या पत्नी अमृता राय यांनी ३० सप्टेंबर २०१७ ला बरमान घाटावरून चालायला सुरुवात केली आणि ९ एप्रिल २०१८ ला तिथेच शेवट केला. सुमारे ३,३०० किलोमीटर, १९२ दिवस. म्हणजे दिवसाला सरासरी १७ किलोमीटर. त्यांच्यासोबत माणसांचा ताफा होता, ही गोष्ट वेगळी. पण सत्तरीच्या माणसाचा वेग काय असू शकतो, याचा अंदाज या आकड्यावरून येतो.

एकजण थकला तर?

पहिले पंधरा दिवस सगळ्यात वाईट. तळपायाला फोड येतात, टाचा भेगाळतात, पिंढऱ्या भरून येतात. फोड यायच्या आधी जागा हुळहुळते, तेव्हाच थांबून मोजा बदलला, पट्टी लावली तर चार दिवस वाचतात. पण जोडीदाराला थांबवायला नको म्हणून लोक बोलत नाहीत, आणि मग आठवडा जातो. ताप, जुलाब, गुडघा यांचंही तसंच.

एकाला खरंच पुढे चालवत नसेल तर दुसऱ्याने काय करायचं? एकट्याने पुढे जाणारे आहेत, सोबत घरी परतणारेही आहेत. यावर परंपरेतच एक सोय आहे, खंड परिक्रमा. जिथे थांबलो तिथे पुढच्या हंगामात परत यायचं आणि तिथूनच पाऊल उचलायचं. वेगडांनी आपली परिक्रमा अशीच तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षं केली. म्हणून निघतानाच एका वहीत रोजचं गाव आणि तारीख लिहून ठेवावी. आश्रमांचे शिक्केही याच वहीत घेता येतात.