वितंचक : विरजणाच्या कुळातला शब्द

एपीई1 हे माणसाच्या पेशीतलं डीएनए दुरुस्त करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आज संशोधनासाठी कुपीत विकत मिळतं. डीएनएच्या साखळीवरून प्यूरीन गटातली अक्षरं आपोआप गळत असतात, एका पेशीत दिवसाला सुमारे 10,000. अक्षर गळालेल्या जागी साखळी छेदून पुढच्या डागडुजीला वाट करून द्यायची, हे एपीई1चं काम. त्याचा मानवी जनुक 1991 मध्ये हाती आला, ई. कोलाय जिवाणूत घातला गेला आणि 318 अमिनो आम्लांचं हे प्रथिन हवं तेवढं मिळू लागलं. इथवरची कथा सगळे सांगतात. त्या जिवाणूला खायला काय घालतात आणि कामाला कसं लावतात, याकडे सहसा कोणी वळत नाही. माझ्या मते या विकराचं खरं कूळ तिथेच सापडतं. नेहमीच्या एलबी माध्यमात लिटरला 10 ग्रॅम ट्रिप्टोन, 5 ग्रॅम यीस्टचा अर्क आणि मीठ असतं. ट्रिप्टोन म्हणजे विकरांनी तुकडे केलेलं केसिन, दुधातलं प्रथिन. रात्रभर वाढलेल्या जिवाणूंचं थोडं द्रावण ताज्या एलबीत ओततात आणि 37 अंशांवर हलवत ठेवतात. ते गढुळलं की आयपीटीजी नावाचं रसायन घालतात. हे रसायन दुधातल्या साखरेचं सोंग घेतं. जिवाणूला वाटतं लॅक्टोज आलं. त्याचा लॅक जनुकांचा खटका उघडतो आणि त्या खटक्याला जोडलेला माणसाचा जनुक चालू होतो.

आता शब्दाकडे या. जर्मन शास्त्रज्ञ क्यूने यांनी 1877 च्या सुमारास एन्झाइम हा शब्द घडवला, त्याचा ग्रीक अर्थ 'खमिरात'. उर्दूत एन्झाइमला ख़ामिरा म्हणतात, तोही खमिरातूनच आलेला. मराठवाड्यातले नांदेड-लातूर सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि 1918 मध्ये स्थापन झालेलं तिथलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवत होतं. तेव्हा या भागाला उर्दूतलं विज्ञान परकं नव्हतं. मराठीत मात्र दोन शब्द आले, विकर आणि वितंचक. शाळेच्या पुस्तकांनी विकर उचलला आणि वितंचक कोशात पडून राहिला. त्याच्या मुळाशी तञ्च् हा धातू आहे, अर्थ गोठणं, आकसणं. त्याच धातूचं आतंचन म्हणजे विरजण. तैत्तिरीय संहितेत यज्ञाचं दूध कशाने विरजावं याची चर्चा येते: पळसाची साल, बोरं, तांदूळ, दही. तिथे नुसत्या आतंचनाने विरजलेल्या दुधाला 'मानुष' म्हटलं आहे. वितंचक घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विरजणाचं भांडंच असणार, याबद्दल मला शंका वाटत नाही. दूध लातूरच्या देवणीचं असो की नांदेडच्या लाल कंधारीचं, कोमट असताना चमचाभर इरजण लावलं की पातेलंभर दही लागतं. थोडक्याने पुष्कळांत बदल घडवणं, हा विकराचा गुण मराठवाड्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघराला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, दही आम्लाने लागतं, विकराने नव्हे. खरं आहे, पण ते आम्ल लॅक्टोजपासून जिवाणूंची विकरंच बनवतात. विरजण वाढत जातं, विकर स्वतः वाढत नाही, हा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. उपमा तिथे थांबते. दुसरा आक्षेप योगायोगाचा. केसिन स्वस्त म्हणून वापरतात, त्याचा शब्दाशी काय संबंध? केसिनपुरतं हे पटेल, लॅक खटक्यापुरतं नाही. ई. कोलाय आतड्यात राहतो, तिथे दुधाची साखर येते, म्हणून तो खटका त्याच्याकडे आहे. आणि जाकोब-मोनो या शास्त्रज्ञांनी 1961 मध्ये तो उलगडला म्हणूनच पुढे माणसाचे जनुक त्याला जोडता आले. शिवाय अमेरिकेने 1990 मध्ये अन्नात वापरायला परवानगी दिलेलं जनुक-अभियांत्रिकीचं पहिलं विकर कोणतं? कायमोसिन, वासराच्या जठरात दूध गोठवणारं, तेही ई. कोलायकडूनच बनवून घेतलेलं. शब्दशः आतंचन! एपीई1 त्याच वाटेने आलेलं धाकटं भावंड आहे. विकर हा शब्द वि आणि कृ यांतून आला, म्हणजे बदल करणारा. व्युत्पत्ती म्हणून तो निर्दोष आहे. पण कानाला तो विकाराच्या घरचा लागतो. गळालेली अक्षरं सांधायला धावणाऱ्या प्रथिनाला ते नाव देताना जीभ अडखळते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात किंवा लातूरच्या महाविद्यालयांत जीवशास्त्र मराठीतून समजावताना एपीई1ला 'मानवी वितंचक' म्हणून पाहावं. फळ्यावर विरजणाचं पातेलं काढलं तरी निम्मा तास वाचेल.