चिठ्ठी लिहिणारा हात

कायद्याने पकडले कोणाला आणि सोडले कोणाला, हे पाहण्याची आम्हां युनियनवाल्यांना खोडच असते. 1964 सालचा इंग्लंडातील कायदाच घ्या.

ड्रिनामिल नावाची एक निळी त्रिकोणी गोळी होती. तीत औषधे दोन: अँफेटामाइन चाबूक मारणारे, बार्बिट्युरेट लगाम ओढणारे. थकल्याभागल्या, उदास गृहिणींना डॉक्टर ती सर्रास लिहून देत. आईच्या कपाटातून आणि चोरबाजारातून ती लंडनच्या सोहो भागात रात्रभर नाचणाऱ्या 16-17 वर्षांच्या पोरांच्या खिशात गेली. पोरे तिला ‘पर्पल हार्ट’ म्हणत. (गोळी निळी, नाव जांभळे!) रात्र जागून काढायची आणि अंमल उतरला की गळून पडायचे, असा तो क्रम.

पार्लमेंटने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविला. पोर पकडले गेले. चिठ्ठी लिहिणारा हात मात्र मोकळाच राहिला.

तो हात आवरला, 1970 च्या सुमारास, इप्सविच गावच्या डॉक्टरांनी. अँफेटामाइन लिहून द्यायचे नाही, असे त्यांनी आपखुशीने, मिळून ठरविले. आमच्या भाषेत हा संपच म्हणा ना! एकट्यादुकट्याने नकार दिला असता, तर रोगी शेजारच्या दवाखान्यात गेला असता.