मणक्यांमधील चकतीची संवेदना : कंबरदुखीविषयक विचाराचा एक दुर्लक्षित अध्याय

दोन मणक्यांमधील चकती, जिला व्यवहारात 'गादी' म्हटले जाते, ती स्वतः दुखू शकते काय, हा प्रश्न वरवर केवळ शरीररचनाशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर असंख्य रुग्णांच्या तक्रारीची विश्वासार्हता अवलंबून होती. चकतीत मज्जातंतूच नाहीत असे मानले, की पायात कळ न जाता केवळ कंबर दुखणाऱ्या रुग्णाचे दुखणे स्नायूंचे अथवा मनाचे ठरते. या प्रश्नाचा उलगडा होण्यास इतका विलंब का लागला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जर्मनीतील ट्यूबिंगेनचे शरीररचनाशास्त्रज्ञ ह्यूबर्ट लुश्का यांनी १८५० मध्ये कण्याच्या पोकळीत परत शिरणाऱ्या एका सूक्ष्म मज्जातंतूचे वर्णन केले. पुढे तो सायनुव्हर्टेब्रल मज्जातंतू म्हणून ओळखला गेला. चकतीच्या मागील भागास संवेदना पुरविणारा तो हाच. मात्र त्याचा कंबरदुखीशी असलेला संबंध दीर्घकाळ उपेक्षित राहिला.

१९३४ मध्ये बोस्टन येथील मिक्स्टर व बार यांचा प्रसिद्ध शोधनिबंध प्रकाशित झाला. फुटलेल्या चकतीचा भाग मज्जातंतूच्या मुळावर दाब आणतो आणि त्यामुळे पायात कळ जाते, हे त्यांनी दाखविले. दाब दूर करणारी शस्त्रक्रिया रूढ झाली. परंतु चकती ही दुसऱ्याला दुखविणारी वस्तू ठरली. ती स्वतः दुखत असेल, हा विचार मागे पडला. एका यशस्वी उपपत्तीनेच पुढील जिज्ञासेची वाट अडविली, असे म्हणणे अवाजवी होणार नाही. कारण पुरावा अगदीच नव्हता असे नाही : १९४० मध्ये रूफ यांनी आणि १९५९ मध्ये मालिन्स्की यांनी चकतीच्या बाह्य तंतुवलयात मज्जातंतू असल्याचे नोंदविले होते.

१९८१ मध्ये बोगडुक व सहकाऱ्यांनी सूक्ष्म विच्छेदनाद्वारे कमरेच्या चकत्यांचा मज्जातंतुपुरवठा तपशीलवार मांडला. १९९१ मध्ये कुस्लिच व सहकाऱ्यांनी १९३ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. केवळ स्थानिक भूल दिलेल्या या जाग्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी कोणत्या ऊतीला स्पर्श केल्यावर काय जाणवते, हे विचारण्यात आले. बाह्य तंतुवलयास स्पर्श होताच अनेकांना नेहमीचीच कंबरदुखी जाणवली. पायातील कळ मात्र सुजलेल्या वा ताणलेल्या मज्जामुळास स्पर्श केल्यावरच उमटली. दोन वेदनांचे उगम निराळे असल्याचे रुग्णांच्याच तोंडून स्पष्ट झाले.

निरोगी चकतीत मज्जातंतू बाहेरच्या थरापुरतेच मर्यादित असतात. फ्रीमाँट व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखविले, की दीर्घकालीन कंबरदुखी असलेल्या काही रुग्णांच्या झिजलेल्या चकतीत ते आतील थरांत, क्वचित गाभ्यापर्यंतही वाढलेले असतात.

तथापि झीज म्हणजे वेदना नव्हे. १९९० मध्ये बोडेन व सहकाऱ्यांनी कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ६७ व्यक्तींची एमआरआय तपासणी केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश व्यक्तींमध्ये ठळक दोष आढळले. एमआरआय चकतीचा आकार व झीज दाखविते. तिच्यात शिरलेले सूक्ष्म तंतू दाखवीत नाही. चकतीत सुईने द्रव सोडून वेदना उमटते काय हे पाहण्याची पद्धत लिंडब्लोम यांनी १९४८ मध्येच मांडली होती. पण अशा टोचणीने चकतीची झीज वाढते, असे कॅरॅगी व सहकाऱ्यांच्या २००९ मधील दहा वर्षांच्या पाठपुराव्यात दिसून आले.