सोपें गाणें कोणाच्या मापाचें?

ज्या स्त्रीस आपणांस गातां येत नाहीं अशी धास्ती बसलेली असते, तिला “एखादें सोपेंसें गाणें म्हणा” असें सांगणारे पुष्कळ भेटतात. सोपें म्हणजे काय, हें मात्र कोणी सांगत नाहीं. बहुधा त्या उपदेशाचा अर्थ इतकाच असतो कीं, ज्याच्या त्याच्या तोंडीं असलेलें गाणें घ्यावें. वस्तुतः लोकप्रिय गाणें व सोपें गाणें यांत महदंतर आहे. कराओके या नांवानें आज जगभर पसरलेल्या जपानी करमणुकीचा इतिहास पाहिला म्हणजे हें अंतर चांगलें ध्यानांत येतें; आणि स्त्रियांच्या संकोचाचें खापर त्यांच्या गळ्यावर फोडण्याची जी रीत आहे, ती किती अन्यायाची आहे हेंही त्यावरून दिसतें, असें आम्हांस वाटतें.

‘कारा’ म्हणजे रिकामा, आणि ‘ओके’ हें ऑर्केस्ट्रा या शब्दाच्या जपानी उच्चाराचें लघुरूप. गायकावांचून वाजणारा वाद्यवृंद, असा या जोडशब्दाचा अर्थ. असें यंत्र प्रथम कोणीं केलें याविषयीं वाद आहे. तोकियोचे शिगेइचि नेगिशि यांनीं १९६७ सालीं एक यंत्र तयार केलें होतें, आणि फिलिपाइन्समधील रोबेर्तो देल रोसारियो यांनीं पुढें आपल्या यंत्राचें पेटंटही मिळविलें. परंतु आमच्या प्रश्नावर प्रकाश पाडणारी हकीकत आहे ती कोबे शहरांतील दाइसुके इनोउए यांची. मद्यगृहांत गाण्याची हौस करणाऱ्या गिऱ्हाइकांना वाद्याची साथ करणें हा त्यांचा धंदा. त्यांच्या साथीवर खूष असलेल्या एका लहानशा कंपनीच्या मालकानें, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गांवीं सहल निघाली तेव्हां त्यांस बरोबर येण्याविषयीं गळ घातली. इनोउए यांस जाणें शक्य नव्हतें. तेव्हां त्यांनीं त्या गृहस्थांच्या गाण्यांची साथ फितीवर मुद्रित करून दिली. ती करतांना त्यांचें लक्ष मूळ गायकाकडे नव्हतें. या एका गृहस्थाचा गळा कोठवर चढतो आणि त्याचा ताल कोठें रेंगाळतो, तिकडे होतें. मालक सहलीहून परतले ते आणखी फिती मागतच. यांतून १९७१ सालीं इनोउए यांनीं अकरा यंत्रें करविलीं व तीं मद्यगृहांना भाड्यानें दिलीं. शंभर येनचें नाणें टाकावें आणि गावें. पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. २००४ सालीं त्यांच्या वांट्यास आलें तें इग नोबेल नांवाचें थट्टेचें पारितोषिक, तेंही शांततेचें! दुसऱ्याचें गाणें सहन करण्यास माणसांस शिकविल्याबद्दल तें होतें.

कराओकेचें मूळ असें मापानें शिवलेल्या सदऱ्यासारखें आहे. अंग पाहून कापड बेतलें, कापडासाठीं अंग आवळलें नाहीं. यंत्रांचा प्रसार झाल्यावर मात्र सदरा बाजारांतून तयार मिळूं लागला. आणि पहिलीं गिऱ्हाइकें दिवसभर काम करून मद्यगृहांत येणारे पुरुष असल्यामुळें तो बहुतांशीं पुरुषी मापाचाच होता. त्या मद्यगृहांत स्त्रिया नव्हत्या असें नाहीं. दुकान चालविणारी बहुधा स्त्रीच, पेले भरून देणाऱ्याही स्त्रियाच. परंतु त्यांचें गाणें हा गिऱ्हाइकाच्या सरबराईचा भाग असे. कचेरींत नोकरी करणाऱ्या स्त्रियांची गोष्ट आणखी बिकट होती. कामानंतरच्या मंडळींत साहेबांबरोबर युगुलगीत म्हणण्याचा आग्रह त्यांना होई, आणि तो मोडणें सोपें नव्हतें. हा जुलूम इतका सार्वत्रिक होता कीं, १९९८ सालीं सरकारी नोकरांसाठीं लैंगिक छळाविरुद्ध नियम करण्यांत आले तेव्हां कराओकेंत युगुलगीताची सक्ती करणें हें छळाचें एक उदाहरण म्हणून नमूद करावें लागलें. अशा मैफलींत जी स्त्री माझा आवाज बरा नाहीं असें म्हणे, ती आवाजाविषयींच बोलत होती असें आम्हांस वाटत नाहीं.

या स्थितींत पालट झाला तो ओकायामा प्रांतांतून. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेथें मालवाहू डब्यांना आंतून सजवून गाण्याच्या खोल्या करण्यांत आल्या, आणि अशा खोल्यांचें लोण लौकरच देशभर पसरलें. खोली तासाच्या भाड्यानें मिळे. मैत्रिणी मैत्रिणींनीं जावें, दार लावावें आणि वाटेल तें गावें. विद्यार्थिनी व गृहिणी दिवसाउजेडीं तेथें जाऊं लागल्या. पुढें तर एकटीनेंच जाण्याचा प्रघात पडला, व २०११ सालीं तोकियोच्या कांदा भागांत एकेका माणसापुरत्या खोल्यांचें दुकानही निघालें.

यंत्रावर पट्टी चढविण्या-उतरविण्याचीं बटणें आलीं, त्यांचें महत्त्व आम्ही याहूनही अधिक मानतों. एकेका दाबानें गाणें अर्धा स्वर वर किंवा खालीं जातें. पुरुषाच्या व स्त्रीच्या सोईच्या पट्टींत साधारण चार-पांच स्वरांचें अंतर असतें. आपल्याकडे पेटीवर पुरुष काळी एक किंवा काळी दोन धरतात, आणि स्त्रिया काळी चार किंवा पांच, तें यामुळेंच. पुरुषानें गाइलेलें गाणें स्त्रीनें त्याच पट्टींत घेतलें तर खालचे स्वर गिळले जातात. वरच्या सप्तकांत नेलें तर तिला किंचाळावें लागतें. दोन्ही वेळां ऐकणारा म्हणतो, बाईला गळा नाहीं! बटण हवें तितक्या वेळां दाबलें असतें तर हेंच गाणें निर्धास्त निघालें असतें.

तेव्हां सोप्या गाण्याची पारख पट्टीपासून सुरू व्हावी. मग पाहावें कीं सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर यांत एका सप्तकाहून फार अंतर नाहीं ना. अंतऱ्यांत एकाएकीं उडी नाहीं ना. श्वासाला जागा आहे ना. जपानी ‘एन्का’ गीतांत स्वराला जे हेलकावे देतात ते नवशिकीला झेपत नाहींत. उलट, १८८१ पासून तेथल्या शाळांतून शिकविलेल्या गीतांपैकीं पुष्कळांत मध्यम व निषाद वर्ज्य असतात. आमच्या वाचकांस हें स्वर ओळखीचे वाटतील, कारण ते भूपाचे आहेत. अर्ध्या स्वराच्या अडचणीच्या पायऱ्या त्यांत नसल्यामुळें नवखा गळा सहसा घसरत नाहीं.

पुण्या-मुंबईच्या वसाहतींत हल्लीं कराओकेवर गाणाऱ्या भगिनींना बहुधा लता मंगेशकर यांचींच गाणीं घ्यावींशीं वाटतात. त्यांत नवल नाहीं. १९४९ च्या ‘महल’ नंतर तो उंच, निर्मळ स्वर हाच हिंदी चित्रपटांत स्त्रीच्या आवाजाचा आदर्श होऊन बसला. परंतु तीं गाणीं ओठांवर कितीही रुळलेलीं असोत, मूळ पट्टींत तीं सामान्य गळ्यासाठीं नाहींत. आवाज खालचा असणें हें तर वैगुण्य मुळींच नव्हे. गंगूबाई हनगल यांच्या भरदार, जवळजवळ पुरुषी स्वरापुढें सारा महाराष्ट्र नतमस्तक झाला, हें आपण विसरतों कसे?

आणि आपल्या आयाबायांना तर पट्टीचा प्रश्न कधीं पडलाच नव्हता. पहांटे जात्याशीं बसलेली बाई ओवी धरी ती आपल्या गळ्याला सोसेल तेथें. चाल चार-पांच स्वरांत फिरणारी, ताल जात्याच्या फेऱ्याचा, दम लागला तर समोरची जाऊ पुढची ओळ उचली. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातें थांबलें. हेमा रायरकर व गी प्वातव्हँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेड्यापाड्यांतून या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखावर आहे. त्या सांगणाऱ्या बायांपैकीं बहुतेकींनीं कोणा गवयाजवळ शिक्षण घेतलेलें नव्हतें. प्रत्येकीनें आपापली पट्टी धरली आणि ओवी म्हटली.