‘चिंचपोकळी’ शोधलं की प्रोग्राम बंद! डिरेक्टरी सर्चमधला क्रॅश कसा पकडायचा?

मोठ्या ऑफिसात किंवा कॉलेजात सगळ्यांची नावं, ईमेल, पत्ते एका सर्व्हरवर ठेवलेले असतात. ही झाली डिरेक्टरी. तिच्यात शोधण्याची ठरलेली पद्धत म्हणजे एलडॅप. ही पद्धत १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात तयार झाली. १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात मजकूर यूटीएफ-८ मध्ये पाठवतात, म्हणूनच मराठीतही शोधता येतं.

समजा, परळच्या एका ऑफिसातला सर्च प्रोग्राम सी भाषेत लिहिलाय. ‘दादर’ शोधलं, चाललं. ‘गिरगाव’ही चाललं. ‘चिंचपोकळी’ टाकलं की मात्र धाडकन बंद! सर्व्हरवरची माहितीच खराब असेल, असं वाटतं ना? घाई नको.

पायरी १: बॅकट्रेस बघा
जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्राम चालवला, की तो कुठल्या फंक्शनमध्ये पडला ते दिसतं. इथे दिसतं ‘फ्री’, म्हणजे मेमरी परत करणारं फंक्शन. पण त्यात चूक नाही. तिथे फक्त आधीची चूक उघडी पडली.

पायरी २: मेमरी कोणी बिघडवली?
प्रोग्राम ॲड्रेस सॅनिटायझर लावून पुन्हा कंपाइल करा. आता तो हद्दीबाहेर पहिला बाइट लिहिला जातो त्याच ओळीवर थांबतो. ती ओळ आहे शोधशब्द कॉपी करणारी.

पायरी ३: हिशेब करा
यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, वेलांटी, अनुस्वारही वेगळे मोजायचे. आपल्या प्रोग्रामने मात्र चिन्हं मोजून तेवढेच बाइट मागितले, वर शेवटच्या शून्यासाठी १.

• दादर: मागितले ५, लागले १३
• गिरगाव: मागितले ७, लागले १९
• चिंचपोकळी: मागितले १०, लागले २८

मग पहिले दोन कसे चालले? ६४-बिट लिनक्सवर कितीही कमी मागा, सहसा किमान २४ बाइट मिळतात. १९ त्यात मावले. २८ मावले नाहीत, आणि उरलेले ४ बाइट शेजारच्या कप्प्याच्या नोंदीवर लिहिले गेले. म्हणजे ‘दादर’ही चुकीचंच चालत होतं, फक्त दिसत नव्हतं!

उपाय
मेमरी मागताना चिन्हं नाही, बाइट मोजा आणि त्यात १ मिळवा. शोधशब्दाच्या लांबीला मर्यादा घाला. अशी चूक फक्त क्रॅशपुरती नसते, तिच्यातून हॅकरलाही वाट मिळू शकते.

आणि टेस्टिंग करताना इंग्रजी नावांवर थांबू नका. चिंचपोकळीचं नाव यादीत हवंच. तुम्ही कोड लिहीत नसाल, तरी एखादं ॲप असं बंद पडलं तर नेमकं काय टाइप केलं होतं ते जसंच्या तसं कळवा. अर्धं काम तिथेच होतं.